पुढच्याची हाक

१

जोडसायकलवर मागे बसणाऱ्याच्या हाती काही नसतं. त्याचं हँडल वळत नाही, समोर बघावं तर पुढच्याची पाठ. माझी ताई म्हणते, ही सायकल तिच्याचसाठी बनवली असणार. "मला तसंही काही दिसत नाही, बोक्या. तुझी पाठ दिसत नाही हा तर निव्वळ फायदा."

बोक्या म्हणजे मी. पंचेचाळिशी उलटली, स्वतःचं चष्म्याचं दुकान आहे, गिऱ्हाईक मला अहोजाहो करतं, पण ताईच्या तोंडी मी मरेपर्यंत बोक्याच राहणार. ती शाळेत खेळ शिकवायची. गळ्यात पितळी शिट्टी आणि कमरेपर्यंत वेणी. ती शिट्टी वाजली की मैदानाच्या पार त्या टोकाचं कार्टंसुद्धा जागच्या जागी थिजायचं. मग तिच्या डोक्यात गाठ निघाली, नेमकी डोळ्यांच्या नसांवर. गाठ काढली, जीव वाचला, नजर गेली. लोकांच्या नजरा सुधारून पोट भरणारा मी, आणि सख्ख्या बहिणीच्या उपयोगाची एक काच माझ्या दुकानात नव्हती.

ती आमच्याकडे राहायला आली आणि खिडकीजवळच्या झुलत्या खुर्चीत बसली ती बसलीच. शिट्टी तिने स्वयंपाकघरात चमच्यांच्या खणात टाकून दिली. ऑपरेशनच्या वेळी भादरलेले केस बोटभर वाढले होते, त्यांना ती हातही लावायची नाही. शेवटी माझी बायको म्हणाली, "ताईंना बाहेर काढा हो, नाहीतर त्या खुर्चीला मुळं फुटतील." मी कुणाची तरी जुनी जोडसायकल घेतली, तिला खडीवर चालणारे जाड टायर चढवले. ताईला काहीच हातात नसणं झेपणार नाही हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणून तिच्या हँडललाही एक ब्रेक बसवून दिला. तो तिने कधी ओढला नव्हता.

गावाबाहेर नदीच्या काठाने एक खडीची वाट आहे. तोंडाशी दोन लाकडी खुंट रोवलेत, त्यामुळे मोटार आत शिरत नाही. थोडा वेळ नदीची सोबत, मग झाडी, मग पुन्हा नदी, पुन्हा झाडी आणि शेवटी बंधारा. तिथे फिरणाऱ्या सायकलवाल्यांचा एकच कायदा: पुढच्याने मागच्याला सांगायचं. खड्डा आला, दगड आला, मूळ आलं की ओरडायचं. मागे कुणी आहे की नाही हे वळून बघत बसायचं नाही, तोवर खड्डा येतो.

आमच्यात तर हा कायदा म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न. मी "मूळ" म्हटलं की ताई सीटवरून जराशी उठते. "फांदी" म्हटलं की डोकं खाली. "पाय" म्हटलं की पाय थांबवायचे. जिथे झाडी अगदी वाटेवर येते तिथे ती डावा हात बाहेर काढून पंजा उघडा धरते, आणि पानं तिच्या तळहातावर टपटप आपटत जातात. शाळेतली पोरं शर्यत जिंकून आली की ती अशाच टाळ्या द्यायची. पहिल्यांदा तिने तो हात बाहेर काढला त्या दिवशी मी पुढे बसून रडलो. तिला दिसणार नव्हतं ते एक बरं होतं.

२

दोघांची पेडलं एकाच चेनने बांधलेली असतात. मागच्याचा पाय थांबला तर पुढच्याला तो तळपायात कळतो. त्यात लपवाछपवी चालत नाही.

त्या सकाळी झाडीतल्या वळणाशी मी "पाय" म्हणणार, एवढ्यात पेडल जड झालं. ताई आधीच थांबली होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय म्हणजे? पाय म्हणालास ना."

"म्हणणार होतो."

"म्हणालास, गाढवा. आणि घसा बसलाय तुझा. घरी गेल्यावर मिठाच्या पाण्याने गुळण्या कर."

माझा घसा ठणठणीत होता. मी हसण्यावारी नेलं. बोलण्याआधी माणूस श्वास घेतो, खांदे हलतात, ते हँडलमधून तिला जाणवत असणार. एक इंद्रिय गेलं की बाकीची तल्लख होतात, हे तर आमच्या दुकानात येणारा कुणीही सांगेल. मी स्वतःलाच हे असं पटवलं आणि दोन-चार दिवस सुखात काढले.

मग ती वैतागली. "एकच गोष्ट दोनदोनदा का सांगतोस रे? आंधळी झालेय, बहिरी नाही."

"दोनदा कुठे?"

"आधी एकदा मूळ म्हणतोस, मग मी उठून बसते, तेवढ्यात परत मूळ! तोंडाला काही काम नसलं की असं होतं."

मी एकदाच म्हणत होतो. आणि ती उठत होती ती पहिल्या हाकेला, जी मी दिलेली नव्हती.

३

वेडेपणाच होता, पण मला राहवेना. एका सकाळी झाडी सुरू झाली आणि मी तोंडाला कुलूप घातलं. वेग इतका कमी ठेवला की वेळ आलीच तर पाय टेकता यावा. डोळ्यांत तेल घालून समोर बघत होतो आणि सगळं लक्ष तळपायांत होतं.

पहिलं मूळ आलं. सीटच्या स्प्रिंगा मागे करकरल्या. ती उठली होती.

आडवी फांदी आली. मी वाकलो, आणि मागून तिच्या जॅकेटची सळसळ ऐकू आली. तीही वाकली होती. उतार आला, पेडल थांबलं. भुसभुशीत खडी आली, ती दगडासारखी सरळ बसली. मी एक अक्षर बोललो नव्हतो. टायरखालची खडी चरचरत होती, कुठेतरी एक सुतार पक्षी टकटक करत होता, बाकी शांत. हेल्मेटच्या आत माझ्या कपाळावरून घाम निथळत होता, आणि हवा तर चांगली गार होती.

बंधाऱ्याशी पोहोचलो तेव्हा ताई खुशीत होती. "आज छान सांगितलंस हो! एकदाच आणि वेळेवर. जरा लांबून बोलल्यासारखा वाटत होतास, पण स्पष्ट."

"लांबून म्हणजे?"

"पुढून. तुझ्या पाठीतून नाही, आणखी पुढून. वाकून चालवत असशील." मग ती थांबली. "आणि ती कोण होती हसणारी?"

"कोण?"

"बाई कुणीतरी. आपल्या पुढे सायकलवर होती ना? अगदी मोकळं हसली."

आम्ही आलो तो शेवटचा तुकडा शाळेच्या पट्टीसारखा सरळ आहे. मी मान वळवून सगळा पाहिला. खडी, दोन्हीकडे झाडं, टोकाला उजेड. सायकल कुठेच नव्हती.

"होती एक," मी म्हटलं. "गेली पुढे."

४

बायकोला सांगितलं. ती भाजी निवडता निवडता थांबली आणि तिने नेमकं तेच विचारलं जे मी टाळत होतो. "डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या, आठवतंय ना?"

आठवत होतं. नसलेले वास आले, नसलेले आवाज ऐकू आले, तर ताबडतोब कळवा. गाठ परत धरत असेल तर ती अशीच चाहूल देते.

मी म्हटलं, "पण मुळं खरी होती. फांदी खरी होती."

"वाट त्यांना पाठ झाली असेल. रोज तीच तर वाट."

बरोबर होतं. बायकोचं नेहमीच बरोबर असतं, हीच तर पंचाईत आहे. पलीकडच्या खोलीतून ताईच्या खुर्चीचा आवाज येत होता, पुढे-मागे, पुढे-मागे. आवाज थांबला की मला वाटायचं, ती आत्ता काहीतरी ऐकतेय. कधी भिंतीला कान लावून उभा राहायचो. कुणी भुताला भितं, मी माझ्याच आवाजाला भीत होतो.

तपासणी झाली. गाठ होती. लहान, पण होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लवकर काढली तर आशा चांगली आहे, उशीर केला तर काही सांगता येणार नाही.

ताईने शांतपणे ऐकून घेतलं. घरी येऊन खुर्चीत बसली आणि म्हणाली, "नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. पहिल्या वेळी डोळे घेतले. आता काय, कान? मग मी काय, लोणच्याची बरणी होऊन फळीवर बसू? बस झालं, बोक्या."

मी समजावलं, आवाज चढवला, पाया पडलो. बायको रडली. ताई हलली नाही. मैदानावर एकदा तिने निर्णय दिला की दिलाच, मुख्याध्यापकांचे बापसुद्धा बदलू शकायचे नाहीत. मी हात टेकले.

"एक कर," ती संध्याकाळी म्हणाली. "एकदा फिरवून आण मला. मग ती सायकल विकून टाक."

५

वरच्या अंगाला पाऊस होऊन नदीला पूर येऊन गेला होता. पाणी उतरलं तशी आम्ही सायकल काढली. सकाळचं धुकं होतं, झाडांवरून थेंब ठिबकत होते. माझ्या अंगात नवंकोरं पिवळं जॅकेट होतं. बायकोने आणलं होतं, लांबून दिसावं म्हणून. ताईला रंग सांगितला तर म्हणाली, "मोसंबं दिसत असशील."

नदीचा पहिला तुकडा मागे पडला. झाडीत शिरलो. तिने डावा हात बाहेर काढला, ओली पानं तिच्या तळहातावर आपटायला लागली. मला पुढचं नीट दिसेना. धुकंही होतं आणि डोळेही भरले होते. ही शेवटची खेप, हे एकच डोक्यात घुमत होतं. मी हाका देत होतो, पण माझ्या हाका तिला पहिल्या ऐकू येत होत्या की दुसऱ्या, देव जाणे.

झाडी संपली. वाट परत नदीकाठाला लागली, हलका उतार, खडी छान धुऊन निघालेली. मी मुद्दाम पेडल जोरात मारलं. म्हटलं, शेवटचा वारा तरी लागू दे तिच्या तोंडाला.

आणि सायकल एकदम अशी आवळली गेली की मी हँडलवर आदळलो. मागचं चाक खडीत घसरत, करकरत गेलं, आम्ही तिरके झालो, मी पाय टेकला. ताईने ब्रेक ओढला होता. दोन्ही हातांनी, जीव खाऊन.

"अगं ए! मरायचंय का?" मी ओरडलो.

तिने ब्रेक अजून सोडला नव्हता. "थांब म्हणालास ना! केवढ्याने ओरडलास!"

"मी काहीही ओरडलो नाही, ताई."

"आणि शिट्टी वाजली."

"कसली शिट्टी?"

"माझी!" ती म्हणाली. "नुसतं तू ओरडला असतास तर विचार केला असता. पण ती माझी शिट्टी होती, बोक्या. इतकी वर्षं वाजवली, मला ओळखू येणार नाही होय?"

मी काही ऐकलं नव्हतं. नदीचा आवाज तेवढा होता. पण तो आवाज जिथून यायला हवा तिथून येत नव्हता. तो पुढून, खालून येत होता, वाटेच्या खालून.

६

मी सायकल तिच्या हाती धरायला दिली आणि चार पावलं पुढे गेलो. वाट अगदी अखंड दिसत होती. मी वाकून एक धोंडा उचलला आणि पुढे टाकला. धोंडा खडीवर पडला, आणि खडी त्याच्यासकट खाली गेली. मग बाजूची खडी गेली. मग मोठ्या बैलगाडीएवढा तुकडा आवाज न करता नदीत बसला आणि खाली तपकिरी पाणी दिसलं. पुराने काठ आतून पोखरला होता. वर नुसतं खडीचं पांघरूण राहिलं होतं.

मी तिथेच बसलो.

आणि तेव्हा पलीकडे पाहिलं.

खिंडाराच्या पलीकडे वाट पुन्हा झाडीत शिरते. तिथे धुक्यात एक जोडसायकल चालली होती. पाठमोरी, निवांत. पुढचा माणूस मला नीट दिसला नाही, त्याच्या अंगावर काहीतरी होतं, रंग उडालेलं, कधीकाळी पिवळं असावं. मागे एक बाई होती. तिने डावा हात बाहेर काढून पंजा उघडा धरला होता. हेल्मेटखालून तिची वेणी कमरेपर्यंत आली होती, आणि ती वेणी पांढरीशुभ्र होती.

मी पापणी मिटली नाही. धुकंच मिटलं आणि सायकल त्यात दिसेनाशी झाली.

"काय झालं? बोल ना," ताई मागून म्हणाली. "बोक्या, मला भीती वाटतेय, बोल."

मग मी तिला सगळं सांगितलं. पहिल्यावहिल्या "पाय"पासून सगळं. ती आधी भडकली. "एवढे दिवस मला सांगितलं नाहीस? मनातल्या मनात वेडी ठरवून मोकळा झालास!" मी कबूल केलं. मग पलीकडे काय दिसलं ते सांगितलं. खाली पाणी खळखळत होतं.

"वेणी?" तिने विचारलं.

"हो."

"नीट पाहिलीस? केवढी होती?"

"कमरेपर्यंत."

तिने हेल्मेट काढलं आणि आपल्या बोटभर केसांवरून हात फिरवला. पहिल्यांदाच. काळेभोर केस आहेत तिचे अजून.

"कमरेपर्यंत वाढायला वेळ लागतो," ती म्हणाली. "आणि पांढरे व्हायला तर त्याहून."

"लागतोच."

"दुसरं कुणी असेल, बोक्या. हवा खायला आलेलं म्हातारं जोडपं."

"असेल," मी म्हटलं. माझं डोकंही तेच सांगत होतं. वर चढून, झाडीतून वळसा घालून मी पलीकडे जाऊन आलो. तिथे कुणी नव्हतं. पण धुक्याने सगळी पानं थेंबांनी लगडली होती, फक्त डावीकडे, सायकलवर बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीला, पानांची एक लांब ओळ झटकलेली होती. तेवढ्या पानांवर एकही थेंब नव्हता. मी ते तिला सांगितलं.

ती नाक पुसून म्हणाली, "चल घरी. डॉक्टरीणबाईंना फोन लाव. परत टक्कल करतील मेले, पण करू देत."

मी तिला घट्ट मिठी मारली. ती म्हणाली, सोड, घामट. मी सोडली नाही.

परतताना वाटेच्या तोंडाशी, दोन खुंटांच्या मध्ये, आम्ही एक तुटकी फांदी आडवी टाकली आणि तिला माझं पिवळं जॅकेट बांधून ठेवलं. कुणी आत जाऊ नये म्हणून. घरी आल्यावर मी आधी चमच्यांचा खण उघडला. शिट्टी तिथेच होती, चहाच्या चमच्यांखाली, हिरवट पडलेली.

७

ऑपरेशन लांबलं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. बायको माझा हात धरून होती आणि मला ती खुर्ची ऐकू येत होती, पुढे-मागे. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, तोंडावरचा मास्क खाली केला, आणि त्या हसत होत्या. ताई शुद्धीवर आल्यावर मी तिच्या कानाशी "मूळ" असं पुटपुटलो. ती डोळे न उघडता म्हणाली, "ओरडू नकोस, ऐकू येतंय."

वाट दुरुस्त झाली. खिंडार मोठ्या दगडांनी भरून काढलं, वर नवी खडी घातली, नदीच्या बाजूला कठडा बसवला. कुणीतरी माझं जॅकेट खुंटावर घडी घालून ठेवलं होतं. उन्हात राहून त्याचा रंग जरासा उतरलाय. बायको म्हणते, टाकून द्या, नवं आणू. मी ते टाकणार नाही.

ताईचे केस परत बोटभर झाले तेव्हा आम्ही सायकल काढली. त्या पहिल्या खुंटापासून मी कान टवकारून होतो. पण पुढून काही आलं नाही. मी "पाय" म्हटलं की तिचे पाय थांबत, "मूळ" म्हटलं की ती उठे, अगदी वेळेवर, आधी नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. खरं सांगतो, थोडं एकटं वाटलं.

झाडी आली. पानांच्या टाळ्या झाल्या. झाडी संपली आणि उतार लागला, नवा कठडा दिसू लागला. वाट आता भक्कम आहे, तिच्यावरून बैलगाडी गेली तरी हलायची नाही. तरीही मी जीव तोडून ओरडलो, "थांब!"

ताईचे पाय थांबले नाहीत. तिने ब्रेकला हातही लावला नाही. तिला बरोबर कळलं होतं, ही हाक तिच्यासाठी नव्हती.

तेवढ्यात माझ्या कानामागे शिट्टी वाजली, लांब, खणखणीत, मैदानाच्या त्या टोकापर्यंत जाणारी. मी दचकून मान वळवली. ती तिच्या तोंडात होती, घासूनपुसून लख्ख केलेली. चमच्यांच्या खणातून तिने ती कधी काढली, मला पत्ता नव्हता.

"पुढे बघ, गाढवा!" ताई शिट्टी काढून म्हणाली आणि हसायला लागली. अगदी मोकळं.

"मागे कुणी नाहीये, ताई," मी म्हटलं. माझा घसा बसला होता.

"नसू दे. येतील ना," ती म्हणाली. "पुढच्याने सांगायचं असतं."